पेजमेकरची विंडोज

व्हर्च्युअल मशीनची ओळख बहुतेक ठिकाणी एकाच वाटेने करून दिली जाते. घरी विंडोज आहे, लिनक्स कशी असते ते पाहायचे आहे, तर संगणकाच्या आतच एक लटका संगणक उभा करा, त्यात लिनक्स टाका, हात साफ करून घ्या, कंटाळा आला की पुसून टाका. यात चुकीचे काही नाही. पण त्यामुळे हा सगळा प्रकार म्हणजे शिकणाऱ्या पोरांचा खेळ, असा समज होऊन बसतो. माझे म्हणणे वेगळे आहे. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत या तंत्राचा खरा उपयोग नवी सिस्टीम चाखून पाहण्यात नसून जुनी सिस्टीम जपण्यात आहे. आणि त्याची सगळ्यात जास्त निकड ज्याला आहे, तो पुण्यातला इंजिनिअर नव्हे, तर लग्नपत्रिका लावणारा डीटीपीवाला आहे.

उदाहरणादाखल मोताळा घेऊ. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूरच्या रेल्वे स्टेशनाकडे निघाले की वाटेत लागणारे हे तालुक्याचे ठिकाण. नळगंगेचे धरण याच तालुक्यातले. तहसील, पंचायत समिती, शाळा, पतसंस्था आणि भोवतीची खेडी एवढे जमले, की त्या गावाला मराठी मजकूर जुळवून देणारे कोणीतरी लागतेच. लग्नसराईत पत्रिका, मार्चनंतर संस्थांचे अहवाल, निवडणुकीत हँडबिले, अधूनमधून एखाद्या शाळेची स्मरणिका. असे काम करणारी दुकाने विदर्भात गावोगाव आहेत आणि त्यांची हत्यारेही बहुधा सारखीच असतात: अडोबीचे पेजमेकर किंवा कोरलड्रॉ, आणि त्यावर मराठीसाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी किंवा पुण्याच्याच सी-डॅकचे आयएसएम. पेजमेकरची ७.० ही आवृत्ती २००१ सालची, आणि तीच शेवटची. त्यानंतर अडोबीने सगळे बळ इनडिझाइनच्या मागे लावले. म्हणजे आज ज्या दुकानात पेजमेकर चालतो, तिथे बाविसाहून अधिक वर्षांपूर्वीचा प्रोग्राम रोजच्या भाकरीचे काम करतो आहे.

तो का सोडत नाहीत, याचे उत्तर आळस किंवा अज्ञान असे देणे सोपे आहे, पण ते खरे नाही. अडचण मजकूर साठवण्याच्या पद्धतीत आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१पासून स्वतःची जागा आहे, पण पेजमेकरला युनिकोड कळत नाही. त्यामुळे त्या काळच्या मराठी फॉन्टांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असतात. फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. म्हणूनच डीव्हीबी-टीटी सुरेखसारख्या फॉन्टमध्ये केलेली फाईल फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो आणि ऑपरेटर म्हणतो, फॉन्ट उडाला. फाईल शाबूत असते, पण तिला एकटीला किंमत नसते. तिला तो फॉन्ट लागतो, फॉन्टला टायपिंगचा तो प्रोग्राम लागतो, प्रोग्रामला यूएसबीत खोचलेले लॉक, म्हणजे डोंगल लागते, आणि त्या सगळ्यांना एक जुनी विंडोज लागते. गेल्या वर्षीचाच अहवाल तारखा आणि आकडे बदलून यंदा पुन्हा काढायचा असेल, तर ही सगळी साखळी जिवंत असावी लागते.

ती साखळी आता दुसऱ्या टोकाने तुटते आहे. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ला संपला, विंडोज ७चा १४ जानेवारी २०२०ला आणि विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ला. पुढची विंडोज ११ घ्यावी, तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे नवी विंडोज जुन्या संगणकावर बसत नाही. उलट नवा संगणक घेतला, तर जुनी विंडोज त्यावर बसत नाही, कारण आजच्या मदरबोर्डांसाठी आणि एनव्हीएमई या नव्या जातीच्या डिस्कसाठी एक्सपीचे ड्रायव्हर कंपन्या देतच नाहीत. दुकानदार या दोहोंच्या मध्ये अडकतो. मग तो जुनाच डबा कसाबसा चालू ठेवतो, त्यालाच इंटरनेट जोडतो, त्याच्यावरच व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले मॅटर उतरवून घेतो, आणि पॉवर सप्लाय गेला की तसलाच दुसरा शोधत मलकापूरला किंवा बुलढाण्याला फेरी मारतो.

या पेचातून व्हर्च्युअल मशीन कसे सोडवते, हे कळायला ते काय करते ते नीट पाहिले पाहिजे. ऑपरेटिंग सिस्टीमला खरा संगणक कधी दिसतच नाही. तिला दिसतात काही ठरावीक उत्तरे: एवढी मेमरी आहे, अमुक जातीची डिस्क आहे, तमुक नेटवर्क कार्ड आहे. ही उत्तरे लोखंडाऐवजी दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने दिली, तरी तिला फरक कळत नाही. व्हर्च्युअलबॉक्स हा मोफत प्रोग्राम एक्सपीला असे भासवतो की ती इंटेलच्या पीआयआयएक्स३ या नव्वदच्या दशकातल्या चिपसेटवर बसली आहे. खाली प्रत्यक्षात यंदाचा मदरबोर्ड असेल, एनव्हीएमई डिस्क असेल. एक्सपीला त्याचा पत्ता नाही. तिला हवे तेच जुने हार्डवेअर समोर दिसते आणि तिचे ड्रायव्हर मुकाट्याने चालतात. सॉफ्टवेअरचे वय आणि लोखंडाचे वय यांची गाठ इथे सुटते. उद्या हा संगणक जळाला, तर दुसऱ्या कोणत्याही संगणकावर तेच लटके हार्डवेअर पुन्हा उभे राहते आणि एक्सपीला मधल्या काळात घर बदलल्याचे समजतसुद्धा नाही.

जुने जपण्यासाठी हे तंत्र वापरणे ही काही माझी कल्पना नाही. त्याचा इतिहासच तसा आहे. आयबीएमने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० बाजारात आणले, तेव्हा अनेक ग्राहकांनी ते एका खास कामासाठी वापरले: जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवरची कामे चालू ठेवत, त्याच यंत्रावर नवी सिस्टीम उभी करून हळूहळू तिकडे सरकण्यासाठी. घरगुती संगणकांच्या प्रोसेसरवर हे तंत्र यायला मात्र वेळ लागला, कारण इंटेलच्या प्रोसेसरची रचना त्याला सोयीची नव्हती. १९९९मध्ये व्हीएमवेअरने अडचणीच्या सूचना चालता चालता बदलून हे जमवून दाखवले, आणि २००५पासून खुद्द इंटेलने प्रोसेसरमध्येच त्याची सोय केली, पाठोपाठ एएमडीनेही. पण माझ्या मुद्द्याचा सगळ्यात बळकट साक्षीदार मायक्रोसॉफ्टच आहे. २००९मध्ये विंडोज ७ आली, तेव्हा कंपन्यांची जुनी सॉफ्टवेअर तिच्यावर चालणार नाहीत अशी ओरड झाली. त्यावर मायक्रोसॉफ्टने विंडोज ७च्या प्रोफेशनल आणि वरच्या आवृत्त्यांना एक्सपी मोड नावाची सोय मोफत दिली. ती होती एक तयार, परवानाधारक एक्सपी, व्हर्च्युअल मशीनमध्ये भरलेली. ज्या कंपनीला नवी विंडोज खपवायची होती, तिनेच जुनीला आत जागा करून दिली.

प्रत्यक्ष उभारणी वाटते तितकी अवघड नाही. अडखळायच्या जागा मात्र ठरलेल्या आहेत. पहिली जागा संगणकाच्या बायोसमध्ये. प्रोसेसरमधली ती सोय अनेक संगणकांत बंद करून ठेवलेली असते. विंडोज १० किंवा ११मध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेले, की व्हर्च्युअलायझेशन चालू आहे की बंद ते लिहिलेले दिसते. बंद असेल तर संगणक सुरू होताना बायोसमध्ये शिरून ते चालू करावे लागते. व्हर्च्युअलबॉक्सच्या ६.१पासूनच्या आवृत्त्या याशिवाय हलतच नाहीत. दुसरी जागा अधिक फसवी आहे. सगळे चालू असूनही आतली विंडोज रांगत असेल, तर मशीनच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाहावे. तिथे हिरव्या कासवाचे चित्र असेल, तर बाहेरच्या विंडोजने स्वतःच्या हायपर-व्ही या व्हर्च्युअल मशीनच्या यंत्रणेसाठी ती सोय आधीच अडवून ठेवली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला तिच्या मेहेरबानीवर चालावे लागते आहे, असे समजायचे. बनवणाऱ्यांना विनोदबुद्धी आहे, एवढे कबूल केले पाहिजे.

नवे मशीन तयार करताना प्रकार म्हणून विंडोज एक्सपी, ३२ बिट निवडले, की बऱ्याच गोष्टी आपोआप जागेवर येतात. त्यातली महत्त्वाची म्हणजे डिस्क आयडीई पद्धतीने जोडली जाते. ती साटा पद्धतीने जोडली तर एक्सपीच्या सीडीत त्याचा ड्रायव्हर नसल्यामुळे विंडोज मारतानाच गाडी अडते. मेमरीत उदार व्हायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठी किमान ६४ एमबी आणि शिफारस म्हणून १२८ एमबी रॅम सांगितली होती; ५१२ एमबी दिली तरी पेजमेकर आणि श्रीलिपी ऐसपैस बसतात. डिस्क वीस जीबीची ठेवावी, पण वाढत जाणारी, म्हणजे आत जेवढे भरले असेल तेवढीच जागा बाहेर अडते. ही आख्खी डिस्क बाहेरच्या संगणकाला एका फाईलसारखी दिसते, आणि या पद्धतीचा निम्मा फायदा त्या एका गोष्टीत आहे. मग सीडीची आयएसओ फाईल जोडून विंडोज मारायची, व्हर्च्युअलबॉक्सच्याच गेस्ट अ‍ॅडिशन्स आत टाकायच्या, बाहेरचा एक फोल्डर दोघांच्या सामाईक वापराला द्यायचा. डोंगलसाठी यूएसबीच्या सेटिंगमध्ये त्याच्या नावाचा फिल्टर लावला, की ते खोचताक्षणी बाहेरच्या विंडोजऐवजी आतल्या विंडोजच्या हाती जाते. यूएसबी ३.०चा पर्याय मात्र इथे घेऊ नये. एक्सपीला तो कळत नाही.

छपाईचा प्रश्न लोक उगाच मोठा करतात. नव्या प्रिंटरचा एक्सपीसाठी ड्रायव्हर मिळत नाही हे खरे, पण तो लागतोच कुठे? पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट फाईल काढायची, ती सामाईक फोल्डरमध्ये टाकायची आणि बाहेरच्या संगणकावर घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामने तिची पीडीएफ करायची. फॉन्टचे आकार त्या पीडीएफमध्ये बरोबर जातात. मग ट्रेसिंग काढा, ऑफसेटवाल्याला मेल करा किंवा गिऱ्हाइकाला प्रूफ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. कोणाकडेही फॉन्ट उडत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो तत्त्वाचा, आणि तो घेणारी माणसे मराठीचे भले चिंतणारी असतात. ती म्हणतात, हे जुने फॉन्ट मेलेलेच बरे. त्यांतला मजकूर शोधता येत नाही, इंटरनेटवर टाकता येत नाही, मोबाईलवर वाचता येत नाही. व्हर्च्युअल मशीनने त्यांना आणखी दहा वर्षे जगवण्यापेक्षा सगळे एकदाचे युनिकोडमध्ये का बदलून टाकू नये? नवे काम युनिकोडमध्येच व्हावे, यात दुमत नाही. पण जुने बदलून घेणे बटण दाबण्याइतके सरळ नाही. एकच शब्द घेऊ: वार्षिक. संस्थेच्या अहवालात तो पहिल्याच ओळीत येतो. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवली जातात: व, काना, मग वेलांटी, मग ष, मग त्याच्या डोक्यावरचा रफार, शेवटी क. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो: व, काना, र, हलंत, ष, मग वेलांटी, मग क. म्हणजे बदल करणाऱ्या प्रोग्रामला वेलांटी उचलून ष ओलांडून पुढे न्यायची असते आणि रफार उचलून ष ओलांडून मागे आणायचा असतो. जोडाक्षर मोठे असेल तर उडी लांब पडते, आणि दुसऱ्या, वाऱ्यावर अशा शब्दांतल्या र साठी वेगळीच तजवीज लागते. शिवाय प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचा नकाशा निराळा. चांगले कन्व्हर्टर हे बरेचसे जमवतात, पण बरेचसे म्हणजे सगळे नव्हे, आणि सभासदांच्या यादीत आडनाव चुकले तर गिऱ्हाईक बरेचसे बरोबर आहे असे म्हणून पैसे देत नाही. बदललेला मजकूर मूळ पानाशी ताडून पाहावाच लागतो, आणि ते मूळ पान बरोबर दिसणार कुठे? जुन्याच विंडोजमध्ये, जुन्याच फॉन्टमध्ये. ज्यांना युनिकोडकडे जायचे आहे, त्यांनाच जुनी सिस्टीम चालू स्थितीत ठेवण्याची गरज जास्त आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: जुना संगणक चालतोय ना, मग राहू दे कोपऱ्यात. चालतोय तोवर ठीक. पण जुन्या हार्ड डिस्कवर विसंबणे म्हणजे कधी ना कधी हात जाळून घेणेच. आणि त्याहून मोठा धोका आधार संपलेली विंडोज इंटरनेटवर ठेवण्याचा. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, तेव्हा विंडोजच्या फाईल शेअरिंगमधल्या एका भोकातून तो एका संगणकावरून शेजारच्या संगणकावर आपोआप उड्या मारत गेला. आधार संपून तीन वर्षे झालेल्या एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टला तेव्हा तातडीची दुरुस्ती काढावी लागली. व्हर्च्युअल मशीनमध्ये या धोक्याचे दार दोन टिचक्यांत बंद होते: सेटिंगमध्ये नेटवर्क कार्ड काढून टाकायचे. आतल्या एक्सपीला इंटरनेट नावाची गोष्टच नाही. व्हॉट्सअ‍ॅप, मेल, सरकारी पोर्टल हे सगळे बाहेरच्या, अद्ययावत सिस्टीमवर करायचे आणि तपासलेले मॅटर तेवढे सामाईक फोल्डरमधून आत द्यायचे. अर्थात तो फोल्डर म्हणजेही एक दारच आहे. कामापुरती एकच जागा सामाईक ठेवावी, आख्खी डी ड्राइव्ह देऊ नये.

दोन विंडोज शेजारी शेजारी टाकून सुरू करताना हवी ती निवडा, हा ड्युअल बूटचा सल्लाही अजून दिला जातो. त्यावर फार वेळ घालवायला नको. नव्या संगणकावर एक्सपी बसत नाही हे वर आलेच, आणि गिऱ्हाईक समोर उभे असताना मेल पाहायला संगणक बंद करून पुन्हा चालू करणे ही काही कामाची रीत नव्हे.

परवान्याचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टाळून पुढे जाऊ नये. संगणकाबरोबर आलेली विंडोज त्या संगणकालाच बांधलेली असते. तिचा स्टिकर पाहून तीच किल्ली व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकणे नियमात बसत नाही. स्वतंत्र विकत घेतलेली प्रत हलवता येते. व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ भाग मुक्त परवान्याचा आहे, तो दुकानात निर्धास्त वापरावा. पण त्याच्याबरोबरचा एक्स्टेन्शन पॅक घरगुती वापराला फुकट आहे, धंद्यासाठी त्याचे पैसे पडतात. या कामाला तो पॅक लागतही नाही. बाहेरची सिस्टीम लिनक्स ठेवली तर त्या बाजूचा परवान्याचा खर्च शून्यावर येतो, आणि विंडोज ११ न पेलणारा पण आठ जीबी रॅमचा संगणक त्यामुळे आणखी काही वर्षे सुखाने चालतो. चार जीबीवरही हलकी लिनक्स आणि आत एक्सपी असा संसार होतो, फक्त बाहेर ब्राउझरचे डझनभर टॅब उघडून बसू नये.

काही गोष्टी या पेटीत मावत नाहीत. प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टला लावायचे लॉक असेल, तर ते आत पोचवण्याची खटपट करण्यापेक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीकडून यूएसबीचे लॉक किंवा नवी आवृत्ती मागावी. सी-डॅकच्या अगदी सुरुवातीच्या काळात संगणकात खोचायचे जिस्ट कार्ड यायचे. त्यावर चालणारी डॉसच्या काळातली कामे व्हर्च्युअल मशीनमध्ये येणार नाहीत, कारण व्हर्च्युअलबॉक्सला त्या कार्डाची नक्कल करता येत नाही. आणि ज्या दुकानात जुन्या फाईली नाहीतच, सगळे काम पहिल्यापासून युनिकोडमध्ये आहे, त्याने या भानगडीत पडूच नये.

सगळे उभे राहिले, पेजमेकर उघडला, डोंगल ओळखले गेले, एक जुना अहवाल बरोबर दिसला, की तिथेच स्नॅपशॉट घ्यावा. पुढे काही बिघडले तर मशीन त्या क्षणाला परत नेता येते. पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, कारण तो त्याच डिस्कवर असतो. वीज जाऊन डिस्कच खराब झाली, तर दोन्ही एकदम जातात. बॅकअप म्हणजे मशीन बंद करून त्याच्या डिस्कची ती एक मोठी फाईल आणि सोबतचा फोल्डर दुसऱ्या ठिकाणी उतरवणे. इथे हमखास एक फजिती होते. बाजारातले बरेच पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावतच नाही. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा, रिकामा, आणि तरी संगणक म्हणतो फाईल मोठी आहे. दोष पेनड्राइव्हचा नसतो, फाईलचाही नसतो. पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसने फॉरमॅट मारून घ्यावा आणि मग कॉपी लावावी.